गव्हर्नरसाहेबांना मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणापाशीही बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, जिच्याशी रोज फोनवर गप्पा होतात त्या वृंदापाशी तर नाहीच — का नाही, ते पुढे कळेल. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं एक सोडून बाकी सगळं बोलते. त्याला माहीत नसेल असं थोडंच आहे? पण तोंडातून निघत नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणून. की आणखी कशासाठी, ते मलाही नीट उमगत नाही.

कुठून सुरुवात करू? गव्हर्नरसाहेबांपासून करते. त्यांच्याविषयी बोलणं मला सोपं जातं. माझ्याविषयी बोलायची वेळ येईल तेव्हा येईल.

मी मूळची नाशिकची. लग्नानंतर दोह्यात आले, अजितची नोकरी इथल्या गॅस प्रकल्पात. मी एका अमेरिकन संस्थेच्या केंद्रात काम करते. राज्यकारभार कसा करावा हे तिथे शिकवतात. बाहेरून मोठमोठी माणसं येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात, शिकवतात, जातात. त्यांच्या भेटीगाठी, प्रवास, टायपिंग, सगळं मी बघते. तसेच हे आले. अमेरिकेतल्या एका लहानशा राज्याचे माजी गव्हर्नर. गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत — तिकडे तो लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. आणि एकदा झाला की जन्मभर त्याला गव्हर्नरच म्हणतात. आपल्या गावात एखाद्याची सरपंचकी जाऊन जमाना झाला तरी लोक त्याला 'सरपंच' म्हणूनच हाक मारतात ना, तसं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते हयात नाहीत, आणि मी त्यांचं जेवढं बिघडवलं तेवढं पुरे आहे.

उंच, खांद्यात वाकलेले, भुवया पांढऱ्याशुभ्र. इथल्या एसीची थंडी त्यांना सोसायची नाही. बाहेर ऊन भाजत असताना हे आत लोकरीचा स्वेटर घालून बसलेले. तो त्यांच्या दिवंगत बायकोने विणलेला होता, कोपरांवर झिजलेला. मला ते 'मेडा' म्हणायचे. 'मेधा' मधला 'ध' त्यांना कधी जमला नाही, पण रोज एकदा प्रयत्न करायचे आणि हसायचे.

ते आत्मचरित्र लिहीत होते. लिहीत म्हणजे — खोलीत फेऱ्या मारत सांगायचे आणि मी टाईप करायची. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य माझ्या बोटांखालून गेलं. वडील दूध घालायचे घरोघर. आई शाळेत शिकवायची. हे दिवसा कारखान्यात काम करून वकिली शिकले. आणि अगदी सुरुवातीला, अजून ज्युनिअर असताना, कोर्टात त्यांनी एक प्रकार बघितला. मळ्यावर काम करणारा एक स्पॅनिश बोलणारा मजूर. मालकाचं कोठार पेटवल्याचा आरोप. त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून कोर्टाने एका शिपायाला उभं केलं, ज्याला स्पॅनिश जेमतेम येत होतं. मजूर म्हणाला, मी पोहोचलो तेव्हा आग लागलेली होती. शिपायाने सांगितलं, हा म्हणतोय, मी पोहोचलो आणि आग लागली. एवढासा फरक. माणूस आत गेला, तरुणपण तिथेच संपलं त्याचं. आमच्या साहेबांना थोडंफार स्पॅनिश यायचं. काहीतरी चुकलंय हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं होतं. पण समोर मोठे वकील, मोठे जज्ज. ते उठले नाहीत.

हे सांगताना त्यांच्या फेऱ्या थांबल्या होत्या. म्हणाले, "लिही मेडा, मी उठलो नाही. तसंच लिही."

मी तसंच लिहिलं.

त्यानंतरचं सगळं त्यातूनच आलं, असं मला वाटायचं. निवडून आल्यावर त्यांनी पहिला कायदा आणला तो दुभाष्यांचा. राज्यातल्या कुठल्याही कोर्टात, कुठल्याही चौकशीत माणसाला त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे गेलं पाहिजे. मोठ्यांच्या तुरुंगात ठेवलेली पोरं त्यांनी बाहेर काढली. दगडी भिंतींचा जुना तुरुंग बंद केला. लोक म्हणाले, कैद्यांना आता हॉटेलात ठेवणार वाटतं हा! बुधवारी सकाळी त्यांच्या ऑफिसचं दार उघडं असायचं, कैद्यांच्या आया-बहिणींनी अपॉइंटमेंट न घेता यावं, बसावं, बोलावं. त्यांचेच पक्षवाले वैतागायचे. कॉफीवर जास्त खर्च होतोय म्हणून विधानसभेत प्रश्न विचारला गेला होता म्हणे. ते हसत सांगायचे हे.

आणि ते शिक्षा माफ करायचे. गव्हर्नरला तिकडे तो अधिकार असतो. पुष्कळांच्या केल्या. त्यातला एक माणूस बाहेर आला आणि त्याने एका म्हाताऱ्या दुकानदाराचा जीव घेतला.

पुढच्या निवडणुकीत त्या दुकानदाराचा फोटो रोज टीव्हीवर. साहेब पडले. पुन्हा उभेच राहिले नाहीत. पण दरवर्षी खून झाला त्या तारखेला त्या दुकानापाशी जायचे, रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभे राहायचे. कित्येक वर्षं दुकानदाराच्या मुलीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एका वर्षी ती रस्ता ओलांडून आली आणि शेजारी उभी राहिली. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायला लागला. इथे आपला रविवार कामाचा. तिकडे ती सकाळी चर्चमधून घरी आली की फोन करायची, तेव्हा आमची ऑफिस सुटायची वेळ. कुणीही पाहुणा बसलेला असो, साहेब उठून दुसऱ्या खोलीत जायचे. परत यायचे तेव्हा चेहरा निवलेला असायचा.

आता इस्माईलभाई.

केंद्राने साहेबांना अल गराफा भागात व्हिला दिला होता आणि गाडी-ड्रायव्हर. इस्माईलभाई रत्नागिरी जिल्ह्यातले, राजापूरकडचे. पन्नाशीचे, दाढी मेंदीने लाल केलेली, शब्द मोजून बोलणारे. पहिल्यांदा त्यांनी मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं तेव्हा गाडीच वळवायची राहिली. "तुमी आपल्यातल्या?" म्हणाले. तेव्हापासून मी 'ताई' झाले. साहेब नेहमी पुढे, त्यांच्या शेजारी बसायचे. मागे बसायला सांगितलं तर म्हणायचे, मी काय सामान आहे? रस्त्याकडेच्या टपरीवर हॉर्न दिला की कडक चहाचे कागदी पेले खिडकीत यायचे. साहेबांना त्याची चटक इस्माईलभाईंनी लावली. दोघांची एक तोडकीमोडकी भाषा होती. थोडं इंग्रजी, थोडं हातवारे, थोडं अरबी, 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे झालं, विषय संपला. त्यांचं बरं चाललं होतं.

मी अजून मुद्द्यावर आलेले नाही, हे मला कळतंय.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. आम्ही तिघं सूक वाकिफहून, इथल्या जुन्या बाजारातून, परत येत होतो. तिकडच्या नातवंडांसाठी काय घ्यावं हे दाखवायला साहेबांनी मला बरोबर नेलं होतं. गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. त्या दिवशी रविवार, दुकानदाराच्या मुलीचा फोन येऊन गेला होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते. आणि एकदम बोलायला लागले. आमच्याशी की स्वतःशी, कुणास ठाऊक.

म्हणाले, आज ती मला म्हणाली, तुम्ही त्याच्या फाईलचं पानन् पान वाचलं असेल हे मला माहीत आहे. तरी माणूस चुकतो. मी तुम्हाला माफ केलंय.

मग म्हणाले, मी ती फाईल वाचलीच नव्हती.

सह्या केल्या त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या मुलीचा वाढदिवस होता. घरात पाहुणे, पोरं. सेक्रेटरी सह्यांसाठी गठ्ठा घेऊन आला. साहेबांनी बोटांना केक लागलेला असताना उभ्या उभ्या सह्या केल्या. त्या माणसाच्या कागदावर केकचा डाग पडला, तो त्यांनी रुमालाने पुसला. डाग पुसण्यात जेवढा वेळ घालवला तेवढासुद्धा वाचण्यात घालवला नाही, म्हणाले. आत लिहिलं होतं, हा माणूस धोकादायक आहे. ते त्यांना नंतर कळलं. आणि ते जन्मभर सांगत आले की मी प्रत्येक फाईल वाचली.

"हे पुस्तकात नको, मेडा. अजून नको. उन्हाळ्यात मी घरी जाणार आहे. तिच्या दारात उभा राहून मीच तिला सांगणार. तिने ते माझ्या तोंडून ऐकलं पाहिजे." मग आमच्या दोघांकडे बघितलं. "तोवर हे या गाडीतच राहू दे."

मी मान हलवली. इस्माईलभाईंना किती कळलं होतं कोण जाणे, पण शेवटचं वाक्य कळलं. स्टेअरिंगवरचा हात उचलून म्हणाले, "सर. खलास."

ते गाडीतच राहिलं असतं. राहिलं असतं हो.

वृंदाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, अल थुमामातल्या तिच्या फ्लॅटवर. नंतर सगळ्यांचं जेवण. बायका आत, पुरुष बाहेर असं सुरू होतं, मग सगळे एकत्र येतात. तिचा दीर अमेरिकेहून आला होता. तिकडे एका बातम्यांच्या वेबसाईटवर लिहितो. मला हे माहीत होतं. ओळख करून देतानाच वृंदाने सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

या जेवणांत माझ्याशी कोण बोलतं? अजित बोलतो, सगळे अजितला विचारतात. प्लँट, शटडाऊन, कोणाची बदली. मी ताटं उचलते. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "काय म्हणतात तुमचे गव्हर्नर?" आणि वृंदाच्या दिराने मान वर केली. त्याने साहेबांचं नाव ऐकलेलं होतं. तो खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसला. चांगलं बोलायचा तो. नीट ऐकायचा. मी दुभाष्यांच्या कायद्याबद्दल सांगितलं, उघड्या दाराबद्दल सांगितलं. सगळे ऐकत होते. अजितसुद्धा. आणि मला — कसं सांगू — मला ते थांबू नये असं वाटलं. माझ्याजवळचं संपत आलं होतं आणि ते सगळे अजून माझ्याकडे बघत होते.

मी केकचं सांगितलं.

"खरंच?" तो हळूच म्हणाला. "त्यांनी स्वतः सांगितलं?"

"गाडीत," मी म्हणाले. "आमच्यासमोर."

कुणी माझ्याकडून ते काढून घेतलं नाही. मीच वाढलं, तिळगुळासारखं.

काही दिवसांनी बातमी आली. 'दोह्यातल्या निकटच्या वर्तुळातून' असं त्यात होतं. केक मथळ्यातच होता. त्यांच्या राज्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी ती उचलली. साहेब सकाळी ऑफिसात आले, माझ्या टेबलापाशी थांबले, मग आत गेले. दार लोटलं नाही. मला दिसत होते. नुसते बसले होते, हात मांडीवर ठेवून.

त्या रविवारी फोन आला नाही. ऑफिस सुटलं, मी पर्स घेऊन उभी, आणि ते फोन समोर ठेवून बसलेले. मी म्हणाले, "गव्हर्नर, गाडी आली." ते म्हणाले, "थोडं थांबतो." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. त्यांनी स्वतः करून बघितला. तिने उचलला नाही.

मी तेव्हा सांगू शकत होते. तेव्हा अजून कुणावर काही आलं नव्हतं. नुसतं माझं आणि त्यांचं होतं. रोज सकाळी मी ठरवून जायची, आज सांगायचं. आणि ते म्हणायचे, गुड मॉर्निंग, मेडा. आणि माझं धैर्य तिथेच गळायचं.

मग डायरेक्टरबाईंनी चौकशी काढली. केंद्राचं नाव बातमीत आलं होतं, वरून विचारणा झाली होती. साहेबांना चौकशी नकोच होती. पण बाईंनी विचारलं, हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतं? त्यांना खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, गाडीत बोललो होतो, फक्त एकदाच.

गाडीत कोण होतं? मेधा आणि ड्रायव्हर.

आणि आता बघा — मला कुणी विचारलंच नाही. एकदासुद्धा नाही. मी त्यांचं पुस्तक टाईप करणारी, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र घालणारी. संशय सरळ माझ्या अंगावरून ओलांडून इस्माईलभाईंवर गेला. पाण्याला उतार सापडावा तसा. साहेबांनीही मला विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. देऊ तरी कुठल्या तोंडाने?

त्यांनी फक्त एक अट घातली. म्हणाले, चौकशी करायचीच असेल तर त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलू द्या. इंग्रजीत अडखळत नाही, हिंदीत नाही. तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मेडा त्याच्याच भागातली आहे. ती सांगेल."

मला नाही म्हणता आलं असतं. तब्येतीचं काही सांगता आलं असतं. मी 'हो' म्हणाले.

लहान मीटिंग रूम. डायरेक्टरबाई, एचआरचा एक लेबनानी माणूस, कोपऱ्यात साहेब, स्वेटर घालून. इस्माईलभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मराठीत बोलायचं आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. माझ्याकडे बघून थोडं हसलेसुद्धा. आपलं माणूस आहे म्हणून.

मी प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ताई, अल्लाची शपथ, मी कोणाकडं काय बोललो नाय. गाडीतला बोलना गाडीतच ठेवलाय. साहेबांना सांगा, मी त्येंचा मीठ खाल्लाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

किती वेळ गेला असेल? फार नाही. मी फार विचार केला असंही नाही. अजितच्या खात्यात तेव्हा माणसं कमी करत होते, मुलगी दहावीत होती — हे सगळं मी नंतर जमवलं, स्वतःला दाखवायला. त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. त्या क्षणी मला कोपऱ्यातला साहेबांचा चेहरा दिसत होता, आणि एवढंच कळत होतं की इस्माईलभाई खरं सांगत असतील तर मग गाडीत उरतं कोण?

मी इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतोय की त्याच्या राहत्या जागी, गावच्या माणसांसमोर, त्याच्या तोंडून कदाचित निघून गेलं असेल. त्याला नीट आठवत नाही."

लेबनानी माणसाने लिहून घेतलं. डायरेक्टरबाईंनी सुस्कारा सोडला. साहेबांनी डोळे मिटले.

आणि इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. इतकी वर्षं गोऱ्या माणसांची गाडी चालवणाऱ्याला एवढं इंग्रजी कळणार नाही? मी बोलताना मला ते ठाऊक होतं. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. आता ते ओरडतील, म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. ते ओरडले नाहीत. मान खाली घालून शर्टाची बाही नीट करत राहिले.

पार्किंगमध्ये मी त्यांच्यामागून पळत गेले. "इस्माईलभाई—"

"ताई, मला समजतंय इंग्रजी," ते म्हणाले. रागाने नाही.

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

मी हे विचारलं! मी, त्यांना!

"कोणाचा खरा धरला असता?" ते म्हणाले आणि गाडीत बसले. माझ्यासाठी मागचं दार उघडायला नेहमी उतरायचे. त्या दिवशी उतरले नाहीत.

त्यांना परत पाठवायचं ठरलं. साहेबांनी रदबदली केली, ऐकलं गेलं नाही. जायच्या दिवशी ते केंद्रात ओळखपत्र परत द्यायला आले, तेव्हा साहेब मुद्दाम खाली पोर्चमध्ये आले. मलाही बरोबर घेतलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. सत्य तर माझंच होतं, तू नसतं सांगितलंस तरी ते होतंच. मी तुला माफ केलंय. आणि मग मला म्हणाले, मेडा, सांग त्याला, त्याच्या भाषेत सांग.

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. या खेपेला अगदी चोख.

इस्माईलभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेबांकडे बघत, पण मराठीत, म्हणाले, "त्येंना सांगा ताई, मी जां केला नाय त्याची माफी मला नको."

साहेब माझ्याकडे बघत थांबले होते. उन्हात त्यांचे डोळे पाणावले होते.

मी म्हणाले, "तो म्हणतोय, थँक यू."

हे दुसरं. पहिलं भीतीने झालं असं कुणी म्हणेल. दुसऱ्याला काय म्हणायचं? तेव्हा तर माझ्यावर कसलाच संशय नव्हता, सगळं मिटलं होतं. माणूस निघून चालला होता आणि जाताना त्याने एकच वाक्य मागे ठेवायला दिलं होतं. तेवढंही मी पोहोचवलं नाही.

साहेबांनी त्यांना मिठी मारली. इस्माईलभाई हात खाली सोडून उभे राहिले.

त्यानंतर साहेब खचत गेले. पुस्तक बंद पडलं. नवा ड्रायव्हर आला, तर हे मागे बसायला लागले. मे महिन्यात परत जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी खोली आवरत होते. मी पुस्तकं खोक्यात भरत होते. अचानक त्यांनी विचारलं, "मेडा, इस्माईल खरंच तसं म्हणाला होता का? तुझी समजण्यात काही चूक तर झाली नसेल?"

म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी होतं. कधीपासून, मला माहीत नाही. आणि बघा, किती सांभाळून विचारलं. 'चूक' म्हणाले. मला बाहेर पडायला दार उघडून ठेवलं. मी नुसतं 'झाली असेल' म्हणाले असते तरी पुरलं असतं.

"नाही गव्हर्नर," मी म्हणाले. "तसंच म्हणाले होते ते."

त्यांनी मान हलवली. स्वेटरची घडी घातली. ती त्यांना नीट जमेना, म्हणून मी घालून दिली.

ते घरी गेले, तिच्या दारात उभे राहिले की नाही, तिने दार उघडलं की नाही — मला काही कळलं नाही. माझी विचारायची छाती झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली. केंद्राने शोकसभा घेतली. डायरेक्टरबाईंनी मला बोलायला सांगितलं, कारण मी त्यांना सगळ्यात जवळून ओळखत होते. मी बोलले. दुभाष्यांच्या कायद्यावर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सूक वाकिफमध्ये इस्माईलभाईंच्या मावसभावाचं कापडाचं दुकान आहे. शोकसभेनंतर एका दुपारी मी तिथे गेले. कापड बघितल्यासारखं केलं आणि विचारलं. तो म्हणाला, गावी शाळेच्या पोरांची गाडी चालवतात. परत यायचं बघत होते, पण साहेबाच्या घरचं बाहेर बोलणारा म्हणून नाव झालेलं. इकडच्या आपल्याच लोकांनी कुठे शब्द टाकला नाही. गावातही अजून विचारतात, काय केलंस म्हणून धाडला? त्याने नंबर दिला. मी कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. मला चहा पाजला त्याने.

मी फोन केला. माफी मागायची, सगळं लिहून डायरेक्टरबाईंना देते म्हणून सांगायचं, असं ठरवून केला. मी नाव सांगितलं. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"बोला ताई."

"साहेब गेले, इस्माईलभाई."

ते पुटपुटत काहीतरी दुवा म्हणाले. मग म्हणाले, "तुमी मागाहून तरी सांगितलंत काय त्येंना?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजे त्येंच्या लेखी मी तसाच ऱ्हायलो."

मी फोन कानाला धरून उभी होते. जे बोलायला फोन केला होता ते तोंडाशी होतं. खरंच होतं.

"ठेवतो," ते म्हणाले. "पोरां खोळंबलीत."

त्याला आता बरेच महिने झाले. मी अजून त्याच केंद्रात आहे, डायरेक्टरबाईंची केबिन माझ्या टेबलाच्या समोरच आहे आणि दार बहुतेक वेळा उघडं असतं. इस्माईलभाईंचा नंबर फोनमध्ये आहे. कधीही लावता येईल. मी लावलेला नाही.